चेझलिन कोल्बी: सातांच्या रग्बीतून पंधरांच्या रग्बीत

तिरफळ | १५ सप्टेंबर २०२५, २१:४०

शनिवारी दुपारी वेलिंग्टनचा सामना कुणी पाहिला का? दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला त्यांच्याच घरात ४३-१० असं लोळवलं. ऑल ब्लॅक्सचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. त्यात चेझलिन कोल्बीचे दोन ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय). हा गडी पुढच्या महिन्यात बत्तीस पूर्ण करेल, उंची पाच फूट सात-आठ इंच, आणि समोर सव्वासहा फुटी शंभर किलोंची माणसं.

इथे क्रिकेटचे धागे शेकड्याने निघतात, रग्बीचा एकही दिसला नाही. म्हणून हा काढतोय. कोल्बीच्या निमित्ताने एक प्रश्न चर्चेला घेऊ: सातांच्या रग्बीत (यापुढे सेव्हन्स) घडलेला खेळाडू पंधरांच्या रग्बीत (यापुढे फिफ्टीन्स) गेला की सोबत काय नेतो, आणि दारातच काय सोडावं लागतं?

नवख्यांसाठी थोडक्यात. मैदान दोन्हीकडे तेवढंच, साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर रुंद. माणसं मात्र निम्म्याहून कमी. फिफ्टीन्स ऐंशी मिनिटं चालतं. सेव्हन्समध्ये सात-सात मिनिटांचे दोन भाग, मध्ये दोन मिनिटं श्वास. स्क्रममध्ये (पुढच्या फळीतले फॉरवर्ड चेंडूसाठी समोरच्यांना रेटतात ती झुंज) आठाऐवजी तीन. ट्रायनंतरची कन्व्हर्जन किक चेंडू जमिनीवर ठेवून नाही, ड्रॉपकिकने, म्हणजे हातातून खाली टाकून उसळताच मारायची. ज्याने गुण मिळवले त्यानेच पुढची किक मारून खेळ सुरू करायचा, फिफ्टीन्समध्ये याच्या बरोबर उलट. १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावी क्लबला चार पैसे मिळावेत म्हणून नेड हेग नावाच्या खाटकाने ही आवृत्ती काढली. २०१६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. दोन-तीन दिवसांत पाच-सहा सामने खेळावे लागतात, त्यामुळे चौदा मिनिटं ऐकून 'एवढंच?' असं वाटलं तर थांबा. पहिल्या सामन्यानंतर दोन-तीन तासांनी पुन्हा तेच, आणि संध्याकाळी पुन्हा.

आता कोल्बी. केप टाउनजवळच्या क्राइफाँटेनचा. ४०० मीटरचा विश्वविक्रमवीर वेड व्हॅन नीकर्क हा त्याच्या नात्यातला भाऊ, म्हणजे पाय घराण्यातच आहेत. वेस्टर्न प्रॉव्हिन्स आणि स्टॉर्मर्स या तिथल्याच संघांकडून तो फिफ्टीन्स खेळत होता आणि मधूनमधून ब्लिट्झबोक, म्हणजे आफ्रिकेच्या सेव्हन्स संघातही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला त्या संघाने कांस्य घेतलं. उपांत्य फेरीत ब्रिटनकडून ५-७ असा चुटपुट लावणारा पराभव आणि मग जपानवर ५४-१४. त्यानंतर तीनच दिवसांनी नीकर्कने ४३.०३ सेकंदांचा विक्रम केला. त्या घराचा ऑगस्ट कसा गेला असेल!

तरीही स्प्रिंगबॉकची, म्हणजे देशाच्या फिफ्टीन्स संघाची हाक आली नाही. लहान आहे, मोठ्या सामन्यात चिरडला जाईल, हेच तुणतुणं. २०१७ ला तो फ्रान्समधल्या तूलूझ क्लबला निघून गेला. तिथे खेळ असा बहरला की २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध देशाकडून पदार्पण झालं. वर्षभरात वर्ल्ड कप फायनल, योकोहामा, चौऱ्याहत्तरावं मिनिट: उजव्या कडेने चेंडू मिळाला, इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल समोर, एक पाय आत, फॅरेल जागच्या जागी. ३२-१२. २०२१ ला ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्र संघाविरुद्ध तिसऱ्या निर्णायक कसोटीत (रग्बीत देशाच्या संघाचा अधिकृत सामना म्हणजे कसोटी) ट्राय. त्याच वर्षी तूलूझसाठी फ्रेंच लीगच्या फायनलमध्ये अर्ध्या मैदानाजवळून ड्रॉप गोल. २०२३ ला दुसरा वर्ल्ड कप.

माझं म्हणणं सांगतो, मग भांडा. फिफ्टीन्समध्ये बचाव ही भिंत असते. तुमच्या डाव्या-उजव्या हाताला माणूस असतो. सेव्हन्समध्ये एकेकाच्या वाट्याला दहा-बारा मीटरची पट्टी येते आणि मागे बहुतेक वेळा कुणी नसतं. टॅकल, म्हणजे धावणाऱ्याला पकडून पाडणं, चुकलं की ट्राय. चेंडू हातात असला तरी तसंच: समोर एक माणूस आणि ठरवायला अर्धा सेकंद. हा एकट्याने निर्णय घ्यायचा सराव कोल्बीच्या अंगात मुरला आहे. त्याचा वेग सगळ्यांना दिसतो, पण त्या वेगाला दिशा तिथे मिळाली.

हलवाई | १५ सप्टेंबर २०२५, २२:०५

छान लिहिलंय. म्हणजे टी-ट्वेंटी आणि कसोटी, एवढंच ना? तिथे फटकेबाजी, इथे संयम.

तिरफळ | १५ सप्टेंबर २०२५, २२:३१

@हलवाई, ही तुलना सगळेच करतात, पण ती लंगडी आहे. टी-ट्वेंटीत वेळ कापला, माणसं अकराच राहिली. गोलंदाजाचं काम तेच, यष्टिरक्षकाचं तेच. सेव्हन्समध्ये माणसं कापली आणि मैदान तसंच ठेवलं, त्यामुळे कामंच बदलली. फिफ्टीन्सचा प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीतला एकशेवीस किलोंचा माणूस, सेव्हन्समध्ये उभाच राहू शकत नाही. तिथल्या 'प्रॉप'ला कडेने पळणाऱ्या विंगरसारखं धावावं लागतं. बुमरा तिन्ही प्रकार खेळतो. आफ्रिकेच्या ऑक्स न्शेला सेव्हन्समध्ये टाकून बघा. (ऑक्स मला फार आवडतो, गैरसमज नको.)

नाना_फुलबॅक | १६ सप्टेंबर २०२५, ०७:१२

तिरफळ, धाग्याबद्दल आभार. मी मुंबईत पावसाळ्यातली जिमखान्याची रग्बी खेळलेला माणूस, आता गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. तुमचा लेख आवडला, पण तुम्ही जिंकलेल्या माणसाचा इतिहास सांगताय. हरलेल्याचाही सांगा.

रिओच्या त्याच संघात सीबेलो सेनातला होता. २०१६ साली जगातला सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली होती. जागतिक मालिकेत दोनशेहून जास्त ट्राय. सरळ पळण्यात तो कोल्बीला मागे टाकेल. त्याच वर्षी स्प्रिंगबॉक संघाबरोबर दौऱ्यावर गेला, वेंब्लीला बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाविरुद्ध उतरला, पण तो सामना कसोटी म्हणून धरत नाहीत. पुढे दुखापती, स्टॉर्मर्स, पुन्हा सेव्हन्स. कसोटी एकही नाही.

एकच प्रशिक्षक, नील पॉवेल. एकच तळ, स्टेलनबॉश. एकच वर्ष. एकाला दोन वर्ल्ड कप, दुसऱ्याला शून्य कसोट्या. सेव्हन्सच्या शाळेमुळे कोल्बी घडला असेल, तर त्याच शाळेतला पहिल्या नंबरचा विद्यार्थी का राहिला? याचं उत्तर द्या.

तिरफळ | १६ सप्टेंबर २०२५, १३:२०

नाना, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझ्या मते दोन गोष्टी.

पहिली खेळाची. सेनातला हा विंगर, फक्त विंगर. फिफ्टीन्समध्ये विंगरला आज अर्धा वेळ आकाशाकडे बघत काढावा लागतो. प्रतिस्पर्धी उंच किक मारतात आणि तुम्ही उडी मारून चेंडू पकडायचा, वर कुणाचा तरी खांदा छातीत. सेव्हन्समध्ये चालू खेळात किका फार कमी. चेंडू देऊन टाकणं तिथे परवडत नाही. कोल्बी लहानपणापासून फुलबॅकही खेळला, त्यामुळे मागे उभं राहून चेंडू कुठे पडेल हे वाचायची सवय त्याला होती. उंची नसूनही तो हवेत कसा घुसतो ते बघा.

दुसरी गोष्ट मैदानाबाहेरची. २०१७ साली आफ्रिकेने नियम केला होता की परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याला तीस कसोट्या आधीच झालेल्या असतील तरच देशाकडून घ्यायचं. कोल्बी तेव्हा शून्य कसोट्यांसह फ्रान्सला गेला, म्हणजे दार बंदच. २०१८ ला रासी इरॅस्मस प्रशिक्षक झाला आणि ती अट मोडीत निघाली. हा बदल नसता तर कोल्बी आज तूलूझचा लाडका आणि देशाला अनोळखी असा माणूस असता.

त्याच रिओ संघातला तिसराही आहे, क्वागा स्मिथ. तो फॉरवर्ड, आणि फॉरवर्ड म्हणून कोल्बीइतकाच 'लहान'. त्याच्याकडेही दोन वर्ल्ड कप आहेत. २०२३ च्या फायनलमध्ये आफ्रिकेने राखीव आठांत सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता, त्या सातांत हा. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हातातला चेंडू ओरबाडणं ही त्याची खासियत. सेव्हन्समध्ये रकला (पाडलेल्या माणसाभोवती चेंडूसाठी होणारी झटापट) मदतीला कुणी येईपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात, तिथे ही चोरी शिकून घेता येते.

तूलूझवासी | १६ सप्टेंबर २०२५, २३:५८

वा, आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मी इथे विमानांच्या धंद्यात आहे. ऑफिसात सोमवारी सकाळी रग्बीवर बोलता आलं नाही तर कॉफी एकट्याने प्यावी लागते, त्यामुळे शिकलो.

कोल्बीची वाट सेव्हन्सकडून फिफ्टीन्सकडे. आमच्या अंत्वान द्युपाँची उलटी. दोघं इथे चार हंगाम एकत्र खेळले. द्युपाँ २०२१ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, फ्रान्सचा कर्णधार. २०२३ ला घरच्या वर्ल्ड कपमध्ये नामिबियाविरुद्ध गालाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हेल्मेट घालून तो उपउपांत्य सामन्याला परतला आणि फ्रान्स आफ्रिकेकडून २८-२९ असं हरलं. एका गुणाने. त्या सामन्यात फ्रान्सच्या रामोसची कन्व्हर्जन किक कोल्बीने धावत येऊन अडवली होती. दोन गुणांची किक! इथे त्या संध्याकाळनंतर कोल्बीचं नाव घेताना लोक आधी उसासा टाकतात, मग हसतात.

त्यानंतर द्युपाँने २०२४ ची सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा, सोडली आणि सेव्हन्स शिकायला गेला. फेब्रुवारीत व्हँकुव्हरला पहिली स्पर्धा. मार्चमध्ये लॉस एंजेलिसला फ्रान्सने अजिंक्यपद मिळवलं, २००५ नंतर पहिलं. मग वेळापत्रक बघा: २५ मेला लंडनमध्ये आयरिश संघ लेन्स्टरविरुद्ध युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स कपची फायनल, जादा वेळेपर्यंत गेलेली, सामनावीर हाच. पुढच्या शनिवार-रविवारी माद्रिदला सेव्हन्सची अंतिम स्पर्धा, विजेते. २८ जूनला मार्सेयला फ्रेंच लीगची फायनल, बोर्दोवर ५९-३. २७ जुलैला स्टॅड द फ्रान्सवर ऑलिंपिक फायनल. समोर फिजी, जो ऑलिंपिकमध्ये तोवर एकदाही हरला नव्हता. मध्यंतराला ७-७. दुसऱ्या भागात द्युपाँ आला, पहिल्याच धावेत डाव्या कडेने फाडत जाऊन ग्रांदिदिये न्कानांगला ट्राय करून दिला, मग स्वतः दोन केले. २८-७.

तिरफळ म्हणतात तसा सेव्हन्समध्ये 'घडलेला' तो नाही. पाच महिन्यांत तो तिथे जगातला सर्वोत्तम ठरला. मग शाळेचं महत्त्व किती?

नाना_फुलबॅक | १७ सप्टेंबर २०२५, ०६:५०

तूलूझवासी, फार छान माहिती. पण द्युपाँवरून नियम काढू नका. रिओसाठी सनी बिल विल्यम्सने हाच प्रयत्न केला होता. दोन वर्ल्ड कप जिंकलेला ऑल ब्लॅक. पहिलाच सामना जपानशी, त्यात टाचेची शीर तुटली, आणि न्यूझीलंड तो सामना १२-१४ हरलं. ब्रायन हबाना तर आफ्रिकेच्या रिओ संघात बसूच शकला नाही, तोही एका काळचा जगातला सर्वोत्तम विंगर. सेव्हन्सची धाव वेगळी असते. थांबा-पळा-थांबा-पळा, आणि मध्ये श्वास घ्यायला लांबलचक स्क्रम नाहीत. तिशीतल्या टाचा आणि मांड्या ते सहन करत नाहीत.

द्युपाँ स्क्रमहाफ आहे. प्रत्येक रकला पोहोचणारा माणूस, म्हणजे धावण्याची सवय होतीच. शिवाय त्याला संघाने पूर्ण चौदा मिनिटं पिळला नाही, बरेचदा दुसऱ्या भागात आणला. हुशारीचं काम.

तूलूझवासी | १७ सप्टेंबर २०२५, ११:१५

हे मान्य. आणि या मार्चमध्ये डब्लिनला त्याचा गुडघा गेला, क्रूसिएट लिगामेंट. सेव्हन्सचा काही संबंध नाही, रकमध्ये अंगावर माणसं पडली. गाव अजून वाट बघतंय.

सोनटक्का | १७ सप्टेंबर २०२५, १४:४४

चार पुरुष, एक धागा, आणि बायकांचा उल्लेख शून्य. चालायचंच! मी ऑकलंडहून.

ज्या प्रश्नावर तुम्ही भांडताय त्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आमच्याकडे २०२२ ला मिळालं. २०२१ च्या शेवटी ब्लॅक फर्न्स, म्हणजे न्यूझीलंडच्या बायकांचा फिफ्टीन्स संघ, युरोपात गेला आणि चारही कसोट्या हरला. इंग्लंडकडून ४३-१२ आणि ५६-१५, मग फ्रान्सकडून दोन. घरचा वर्ल्ड कप वर्षावर आलेला. मग वेन स्मिथ हा मुरलेला प्रशिक्षक आला आणि त्याने ठरवलं की इंग्लंडच्या मॉलला (चेंडूवाल्याला मधे घेऊन घोळक्याने पुढे रेटत नेणं) ताकदीने उत्तर देता येणार नाही, तेव्हा खेळच इतका जलद करायचा की मॉल बनायला वेळ मिळू नये. त्यासाठी सेव्हन्सच्या मुली घेतल्या. तोक्योत सुवर्ण जिंकलेल्या पोर्शिया वुडमन, रूबी तुई, स्टेसी वाका, सारा हिरिनी, थेरेसा फिट्झपॅट्रिक.

१२ नोव्हेंबर २०२२, ईडन पार्क, ४२ हजारांवर माणसं. इंग्लंड सलग तीस सामने जिंकून आलेलं. अठराव्या मिनिटाला वुडमनच्या डोक्यावर टॅकल बसलं, इंग्लंडच्या खेळाडूला लाल कार्ड आणि वुडमनही बाहेर. सामना ३४-३१. शेवटच्या क्षणी इंग्लंडला गोलरेषेजवळ लाइनआउट (कडेवरून दोन रांगांमध्ये चेंडू फेकतात तो) होता, तोच मॉल, आणि जोआना न्गान-वूने हवेत चेंडू चोरला.

वुडमनची कारकीर्द तर कोल्बीपेक्षा सरस म्हणेन मी. आधी नेटबॉल खेळायची, व्यावसायिक. २०१२ ला सेव्हन्सला आली. वडील आणि काका दोघंही ऑल ब्लॅक्स. रिओला रौप्य, तोक्योला सुवर्ण, पॅरिसला सुवर्ण. २०१७ च्या फिफ्टीन्स वर्ल्ड कपमध्ये एकट्या हाँगकाँगविरुद्ध आठ ट्राय. २०१५ ला सेव्हन्सची आणि २०१७ ला फिफ्टीन्सची जगातली सर्वोत्तम. दोन्हीकडे! पॅरिसनंतर निवृत्त झाली आणि यंदा इंग्लंडमधल्या वर्ल्ड कपला परत आली.

आणि तिच्या बरोबर जॉर्जा मिलर. ऐन विशीतली, पॅरिसची सुवर्णविजेती, यंदा फिफ्टीन्समध्ये फ्लँकर म्हणून उतरलीये. नानांच्या सेनातलाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. सेव्हन्समध्ये ती पळते त्याहून जास्त लढते: टॅकल, उठणं, चेंडूवर हात, पुन्हा टॅकल. ही कामं दोन्हीकडे सारखीच लागतात. नुसता वेग नेलात तर फिफ्टीन्समध्ये चेंडू हातात येईपर्यंत थंडी वाजायला लागते.

हलवाई | १७ सप्टेंबर २०२५, १५:०२

इलोना मेहर पण ना? इन्स्टावाली. ती पॅरिसला कांस्य जिंकून मग फिफ्टीन्सला गेली.

सोनटक्का | १७ सप्टेंबर २०२५, १५:२०

हो, ब्रिस्टलकडून खेळली आणि या वर्ल्ड कपला अमेरिकेकडून सेंटर होती. तिच्यामुळे तुझ्यासारख्याला पोर्शिया ऐकावी लागली, तेवढं श्रेय तिला देऊ.

तिरफळ | १७ सप्टेंबर २०२५, २०:३६

सोनटक्का, तुमच्या प्रतिसादाने धाग्याची उंची वाढली. 'पळते त्याहून जास्त लढते' हे क्वागालाही तंतोतंत लागू. माझं मूळ वाक्य थोडं नेमकं करतो: सेव्हन्समधून वेग न्यायचा नसतो, तो प्रत्येकाकडे जन्माचा असतो. एकट्याने झुंजायची सवय न्यायची.

एक आयरिश उदाहरण. ह्यूगो कीनन. सेव्हन्समध्ये वाढला, २०२० ला आयर्लंडच्या फिफ्टीन्समध्ये आला, फुलबॅकची जागा पक्की केली, २०२४ ला पॅरिससाठी परत सेव्हन्सला गेला, आणि या २६ जुलैला मेलबर्नला लायन्सकडून दुसऱ्या कसोटीत अगदी शेवटच्या मिनिटाला ट्राय करून २९-२६ असा सामना आणि मालिका खिशात घातली. ये-जा इतकी सहज करणारा दुसरा पुरुष खेळाडू मला आठवत नाही.

डोंगरवाट | १८ सप्टेंबर २०२५, ००:१०

कीननचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा. यंदा आयरिश बोर्डाने पुरुषांचा सेव्हन्स संघच बंद केला. २०२२ च्या सेव्हन्स वर्ल्ड कपमध्ये कांस्य जिंकलेला संघ. पैसे नाहीत म्हणे. म्हणजे ज्या शिडीने कीनन चढला ती काढून घेतली. जागतिक मालिकेतही आता वरच्या गटात आठच संघ. एखाद्या वीस वर्षांच्या पोराने 'मी सेव्हन्समध्येच करिअर करतो' म्हटलं तर मी त्याला पाठिंबा देईन का? कठीण आहे. फिजीतली मुलं बघा, सेव्हन्स खेळून दिसायचं आणि फ्रान्सच्या क्लबचा फिफ्टीन्सचा करार घ्यायचा. जोसुआ तुइसोवा, लिओनी नाकारावा, दोघं रिओचे सुवर्णविजेते, दोघंही पगारासाठी युरोपात गेले. त्यांना दोष कसा देणार? घर चालवायचंय.

मी पुण्यात कॉलेजला सेव्हन्स खेळलो. आपल्याकडे गाडी उलटीच. फिफ्टीन्स जवळजवळ नाहीच, पंधरा माणसं आणि पंधरा प्रतिस्पर्धी एका वेळी जमवणं हेच मोठं काम. स्पर्धा, सरकारी मान्यता, नोकरीतला कोटा, सगळं ऑलिंपिकमुळे सेव्हन्सभोवती. तरी पुण्याच्या वाहबिझ भरुचाने भारतासाठी दोन्ही प्रकार खेळून दाखवले, आणि ते फिजिओथेरपिस्टची प्रॅक्टिस सांभाळून. भारतीय बायकांनी फिफ्टीन्सचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ ला खेळला आणि पुढच्याच वर्षी मनिलाला सिंगापूरवर २१-१९ असा पहिला विजय मिळवला. शेवटची पेनल्टी ओडिशाच्या सुमित्रा नायकची. सगळ्या जणी मुळात सेव्हन्सच्या.

तिरफळ | १८ सप्टेंबर २०२५, ०८:४५

जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तिथे गेलो होतो. सहा संघ, सेव्हन्सच, चेन्नईने फायनलमध्ये दिल्लीला ४१-० धुतलं. बाहेरचे नावाजलेले खेळाडू आणि आपली मुलं एकाच संघात. आपल्या मुलांचा वेग कमी पडत नव्हता, पहिल्या टॅकलनंतर उठायला लागणारा वेळ कमी पडत होता. ते रोजच्या सामन्यांनीच येईल.

नाना_फुलबॅक | १८ सप्टेंबर २०२५, ०९:३०

अवांतर: इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी खेळतात तो कलकत्ता चषक. १८७८ ला कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून तो बनवला. आपल्या रुपयांवर ते दोघं दीडशे वर्षं भांडताहेत!

हलवाई | १८ सप्टेंबर २०२५, २१:१७

नाना, भारी! एक शंका. कोल्बीने अडवलेल्या किकचा व्हिडिओ पाहिला. सेव्हन्समध्ये हे लोक अशा किका अडवत असतील ना रोज? तिथूनच आलं असणार.

नाना_फुलबॅक | १९ सप्टेंबर २०२५, ०६:३५

नाही बाळा, गंमत तीच आहे. सेव्हन्समध्ये कन्व्हर्जनच्या वेळी प्रतिस्पर्धी संघ मागे आपल्या दहा मीटर रेषेपाशी जाऊन उभा राहतो, धावून यायची मुभाच नाही. फिफ्टीन्समध्ये गोलरेषेवर थांबायचं आणि किक मारणारा मारायच्या तयारीने कुठल्याही दिशेला हलला की सुटायचं. बहुतेक जण नावापुरते चार पावलं पळतात. रामोसने पहिली हालचाल केली त्या क्षणी कोल्बी सुटला. फ्रेंच आजही म्हणतात तो लवकर निघाला. मी तो तुकडा थांबवून थांबवून पाहिलाय, मला नियमात वाटतो.

पण तिरफळ, तुमच्या 'एकट्याने निर्णय' या मुद्द्याला मी आता दुसरी बाजू जोडतो. दोन आठवड्यांनी फायनल, पॅरिस, न्यूझीलंड. त्र्याहत्तरावं मिनिट, आफ्रिका १२-११ पुढे. न्यूझीलंडचा पास आडवा चाललाय, कोल्बी मधे झेपावतो, चेंडू हाताने खाली पाडतो. मुद्दाम पाडला म्हणून पिवळं कार्ड. सेव्हन्सचा माणूस! तिथे दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, इथे दहा, म्हणजे सामना संपेपर्यंत. त्याच पेनल्टीवर जॉर्डी बॅरेटने लांबून किक मारली आणि ती बाजूने गेली. आत गेली असती तर कप न्यूझीलंडचा. कोल्बी खुर्चीवर जर्सी तोंडावर ओढून बसला होता, बघवत नव्हतं त्याला.

भिंतीत उभा राहिलेला, फिफ्टीन्समध्येच वाढलेला विंगर कदाचित तो हात घालत नाही. मागच्या माणसावर विसंबतो. आणि तोच विंगर रामोसची किकही अडवत नाही.

तूलूझवासी | १९ सप्टेंबर २०२५, १२:०८

नाना, हे आमच्या ऑफिसात भाषांतर करून सांगणार. मात्र 'नियमात वाटतो' हे वाक्य गाळून. मला इथे राहायचंय.

सोनटक्का | २० सप्टेंबर २०२५, १०:२२

आमच्या घरी आज सुतक. काल ब्रिस्टलला उपांत्य सामन्यात कॅनडाने आम्हाला ३४-१९ हरवलं. त्यांच्याही संघात पॅरिसच्या रौप्यविजेत्या मुली आहेत, तेव्हा तिरफळ यांचा मुद्दा आमच्याच अंगावर उलटला असं समजा. आता तिसऱ्या जागेसाठी फ्रान्सशी. तूलूझवासी, तुमच्या ऑफिसला सांगा, बघून घेऊ.

तूलूझवासी | २० सप्टेंबर २०२५, १३:४०

सध्या ते इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या तयारीत आहेत, आधी तेवढा तरी होऊ द्या!